सगळे आले का?

वर्षातून एकदा सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचा, असं ठरवणाऱ्या मराठी कुटुंबापुढे पहिली अडचण उभी राहते ती कॅलेंडरची. ‘दिवाळीत काढू’ असं सगळेच पटकन म्हणून जातात. नवे कपडे अंगावर असतात, शाळांना सुट्टी लागलेली असते, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं गाड्या भरभरून छत्रपती संभाजीनगरला परतलेली असतात. पण दिवाळी पाच-सहा दिवसांची, आणि त्यातला नेमका कोणता दिवस धरला यावर फोटोत कोण येणार हे ठरतं.

लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला सुना घरात असतात, लेकी आपापल्या सासरी. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, ओवाळणं होतं, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सुना मुलं घेऊन आपल्या माहेरची गाडी धरतात. म्हणजे पाडव्याच्या फोटोत आजी-आजोबा, मुलगे, सुना आणि मुलग्यांची मुलं. भाऊबीजेच्या फोटोत आजी-आजोबा, मुलगे, लेकी आणि लेकींची मुलं. एकाच घराचे, एकाच आठवड्यातले दोन फोटो, आणि दोन्हींत निम्मं घर गैरहजर. जुना अल्बम या नजरेने चाळला की उलगडा होतो. एखादी काकू वर्षानुवर्षांच्या भाऊबीजेच्या फोटोंत कुठेच सापडत नाही. जालन्याला किंवा परभणीला तिच्या भावाच्या घरी जो अल्बम आहे, त्यात ती दरवर्षी हसत उभी असते. फोटोचा दिवस ठरवणारा माणूस, बहुतेक वेळा घरचा कर्ता पुरुष, आपलं कुटुंब म्हणजे कोण हेही ठरवत असतो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

मग दुसरा सण पाहावा, तर भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्याच म्हणतात. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. पुण्यात नोकरी करणारी धाकटी सून रजा टाकून थोरल्या घरी येते, जावा-जावा मिळून पुरणाचा स्वयंपाक करतात, मुखवटे चढतात, साड्या नेसवल्या जातात. मागे सजवलेल्या महालक्ष्म्या आणि पुढे सगळ्या सुना असा फोटो या शहरातल्या कितीतरी घरांत दरवर्षी निघतो, आणि तो फार देखणा असतो. पण लेकी? त्यांच्या सासरीही त्याच दिवशी महालक्ष्म्या बसलेल्या. लातूर-धाराशिवकडून येऊन इथे स्थायिक झालेल्यांची येळवस असते. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात भज्जी आणि आंबिलीची पंगत बसते, तेव्हा सोयरे, शेजारी, मित्र सगळेच असतात. तिथला फोटो गोतावळ्याचा होतो.

सुना आणि लेकी दोघींनीही एकाच घरात असावं अशी रूढीचीच अपेक्षा आहे, असा सण आपल्या पंचांगात सहजी सापडत नाही. सण माणसांना एकत्र आणतात तसे वाटूनही देतात. म्हणून वार्षिक फोटोसाठी माझा पहिला सल्ला असा, की सणाचा दिवस धरू नका. सणाच्या आसपासचा, कुणाच्याही मानापानाचा नसलेला एक दिवस धरा. भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार चालेल, उन्हाळ्याच्या सुट्टीतला एखादा चालेल. त्या दिवशी सुनांनी माहेरहून परतलेलं असावं आणि लेकी अजून निघालेल्या नसाव्यात. हे आपोआप जुळत नाही, आधी बोलून जुळवावं लागतं.

याच शहरात ईदच्या फोटोचं गणित वेगळं आहे. सकाळची नमाज झाली की नव्या कपड्यांतली घरंच्या घरं फोटोसाठी बाहेर पडतात. पूर्वी स्टुडिओत जायची, आता पाणचक्कीला, बीबी-का-मकबऱ्याला, हिमायत बागेकडे जातात. सासरी गेलेल्या मुली अनेक घरांत दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, माहेरी येतात. म्हणजे पाडवा आणि भाऊबीजेचा पेच तिथेही आहे. पण ईदच्या फोटोंना एक गोष्ट लाभते जी दिवाळीच्या फोटोंना लाभत नाही. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारे 354 दिवसांचं; त्यात आपल्यासारखा अधिक महिना नसतो. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. मे महिन्याच्या उन्हात आईच्या कडेवर डोळे बारीक करून बसलेलं बाळ, त्याच ईदच्या फोटोत सोळा-सतराव्या वर्षी थंडीच्या दिवसांत उभं असतं. एका पिढीचे ईदचे फोटो ओळीने लावले तर माणसांच्या वयाबरोबर शहराचा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळाही मागे सरकत जाताना दिसेल. दिवाळी मात्र अधिक महिन्यामुळे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य या चौकटीत राहते. ऊन दरवर्षी जवळपास तेच, सावल्यांची लांबीही जवळपास तीच. बदलतात ती फक्त माणसं.

आणि एक तिसरी तारीख आहे, जी याच शहराची आहे. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या कितीतरी दलित वस्त्या जळाल्या आणि माणसं जिवानिशी गेली. तेव्हापासून दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोक येतात. आजी, मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडं. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे. अभिवादन झालं की गेट मागे धरून फोटो निघतो. हा दिवस कोणत्याही एका घरचा नाही, त्यामुळे सासर-माहेरची ओढाताण इथे नाही. सून आणि लेक एकाच फोटोत उभ्या राहतात. वार्षिक कौटुंबिक फोटोसाठी याहून चांगला दिवस या शहराला सापडलेला नाही, असं मला वाटतं. सारखी तारीख, सारखी जागा, आणि येण्यामागे सगळ्यांचं सारखं कारण.

माणसांचा असा घोळका एका फोटोत पकडता येणं ही तशी अलीकडची सोय. 19 ऑगस्ट 1839 रोजी पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगापुढे मांडली गेली आणि पुढच्याच वर्षी कॅमेरा कलकत्त्यात पोचला. पण तेव्हा चेहरा उमटायला भर उन्हातही मिनिटं लागायची. बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली आणि वेळ काही सेकंदांवर आला. तरी पंधरा माणसांच्या घरात दोन वर्षांचं पोर काही सेकंदही स्वस्थ बसत नाही. जुन्या फोटोंत थोरांच्या मधोमध एक पुसट, दोन डोकी असलेलं बाळ दिसतं ते यामुळे. आणि सगळ्यांचे चेहरे इतके गंभीर का, याचं एक कारणही यातच आहे. हसू धरून ठेवणं अवघड, मिटलेले ओठ सहज स्थिर राहतात. शिवाय काच ओली असतानाच फोटो घेऊन, ओली असतानाच ती धुवायची. दख्खनच्या उन्हाळ्यात ती किती भराभर वाळत असेल याची कल्पना करावी.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक लवकरच व्यवसायातही उतरले. आपल्या जिल्ह्यात मात्र कॅमेरा आला तो लेण्यांसाठी. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि 1864 मध्ये त्याच्या 74 फोटोंचं लेण्यांवरचं पुस्तक लंडनहून निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. त्या काळच्या अशा फोटोंत माणूस उभा केलेला असतो तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. नंतर लाला दीनदयाळ आले. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, शिक्षणाने रुरकीचे, आणि 1894 पासून सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर. निजामाच्या राज्याच्या त्यांच्या 1892 च्या फोटोसंग्रहात औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ सगळं आहे. मकबरा आहे, पाणचक्की आहे, किल्ला आहे. इथली साधी घरं नाहीत.

दीनदयाळांनी एक मोठं काम मात्र हैदराबादेत केलं, ज्याचा कुटुंबाच्या फोटोशी थेट संबंध आहे. 1892 मध्ये त्यांनी फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. पडद्यातल्या स्त्रीचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्यामागेही स्त्रीच हवी, इतकी साधी गोष्ट. पण ती कळून तशी सोय करायला एका व्यावसायिकाने पैसा आणि जागा खर्ची घातली. त्याआधी निजामाच्या राज्यातल्या खानदानी कुटुंबाचा फोटो म्हणजे बाप, मुलगे, भाऊ आणि दिवाण. तो पुरुषांचा फोटो होता, कुटुंबाचा नव्हता.

1900 मध्ये मनमाडहून औरंगाबादला रेल्वे आली आणि कोरड्या काचा, कागद, रसायनं मुंबईहून मागवणं सोपं झालं. पुढच्या काळातल्या स्टुडिओंची पद्धत महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच दिसते. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमानी, जिने, बाग. पुढे दोन खुर्च्या, तिपाईवर फुलदाणी. खुर्चीत थोरले, मागे उभे तरुण, खाली सतरंजीवर मुलं. कोण बसणार आणि कोण उभं राहणार यावर स्टुडिओत रुसवे-फुगवे होत, आणि ते रास्तच होते, कारण तो फोटो पुढची पन्नास वर्षं भिंतीवर राहणार होता.

मग कॅमेरा घरात आला. बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री मध्यमवर्गीय भारतीय घरात पोचलेला पहिला कॅमेरा म्हणता येईल. 120 नंबरचा रोल, त्यात बारा फोटो. बारा म्हणजे फार मोजके. त्यातला एक सगळ्या घरासाठी राखून ठेवावा लागे. या कॅमेऱ्याने एक विलक्षण बदल केला. स्टुडिओत फोटोग्राफर परका असे, म्हणून घरचा प्रत्येक माणूस फोटोत येई. आता फोटो काढणारा घरचाच, आणि तो फोटोतून नाहीसा झाला. 1960 ते 1990 या काळातल्या किती घरांच्या फोटोंत वडील दिसतच नाहीत! मुलांचे वाढदिवस, सहली, दिवाळ्या, सगळीकडे आई आणि मुलं. वडिलांचा पुरावा म्हणजे पुढे जमिनीवर पडलेली त्यांची सावली. त्या सावलीकडे लक्ष गेलं की मला फार भरून येतं. बारा फोटोंपैकी एकासाठी शेजाऱ्याला हाक मारली असती तरी भागलं असतं. आज हातातल्या फोनने सेल्फी काढून आपण हा प्रश्न सुटला असं समजतो, पण हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत जवळचा चेहरा मोठा आणि मागचे चेहरे लहान येतात. धरणारा सापडतो, आजी हरवते. फोन स्टँडवर लावा, दहा सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर जाणाऱ्या-येणाऱ्याला विनंती करा.

मराठी कुटुंबाचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला फोटो कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी बाबासाहेबांच्या राजगृह या घरातल्या फोटोचं नाव घेईन. फेब्रुवारी 1934, दादरची हिंदू कॉलनी. डावीकडून मुलगा यशवंतराव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पत्नी रमाबाई, बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव. आणि लाडका कुत्रा टॉबी. बाबासाहेबांनी पुढे 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं ते याच शहरात, आणि ते जिथे आहे त्या नागसेनवनाच्या आसपासच्या घरांत हा फोटो अनोळखी नाही. त्यात लक्षपूर्वक पाहण्यासारखं खूप आहे. या घरात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलगा एवढंच नव्हतं. भावजय आणि पुतण्या तितक्याच हक्काने आहेत. आणि तारीख. हा फोटो निघाला त्यानंतर सव्वा वर्षाने, 27 मे 1935 रोजी, रमाबाई गेल्या. त्या हयात असताना सगळं घर एका चौकटीत आलं, कारण कुणीतरी त्या महिन्यात ‘आत्ता काढू’ असं म्हटलं. पुढे ढकलत राहिलं असतं तर हा फोटोच नसता. आणखी एक: त्यातल्या प्रत्येकाचं नाव आज आपल्याला माहीत आहे, कुत्र्याचंसुद्धा. नावं टिकली म्हणून ते आजही घर वाटतं. नाहीतर ती जुन्या काळातली पाच अनोळखी माणसं झाली असती.

एकटा फोटो इतकं सांगतो, तर दरवर्षीचे फोटो ओळीने लावल्यावर काय होतं? याची जगातली दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या निकोलस निक्सन या फोटोग्राफरने 1975 पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा दरवर्षी एक फोटो काढला. मोठा लाकडी कॅमेरा, आठ बाय दहा इंचाची कृष्णधवल फिल्म, आणि डावीकडून उजवीकडे चौघींचा क्रम कायम तोच. 2014 मध्ये चाळीस वर्षांचे चाळीस फोटो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एकत्र लागले तेव्हा लोक त्यांच्यासमोर उभं राहून रडले. कोणत्याच फोटोत विशेष असं काही घडत नाही. चौघी उभ्या असतात, कधी जवळ, कधी जरा लांब. खांद्यावरचा हात एका वर्षी सैल असतो, दुसऱ्या वर्षी घट्ट. दुसरं उदाहरण ब्यूनोस आयरेसच्या दिएगो गोल्डबर्गचं. 1976 पासून दर 17 जूनला तो घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचा स्वतंत्र फोटो काढत आला. आधी दोघंच, मग एकेक करून तीन मुलगे.

दोघांनीही बंधन आपणहून घालून घेतलं, आणि ताकद त्या बंधनात आहे. जागा, क्रम, अंतर, चौकट जितकी स्थिर, तितका माणसातला बदल उघड होतो. आपल्याकडे दरवर्षी नवी जागा, नवी ढब, नवा फिल्टर अशी हौस असते. तीही करावी; पण एक फोटो कोरडा, साधा, गेल्या वर्षीसारखाच काढावा. त्याच भिंतीपुढे, त्याच क्रमाने, साधारण त्याच अंतरावरून. गेल्या वर्षीचा फोटो समोर धरून उभं राहिलं की मुलांनाही त्यात गंमत वाटते. माणूस गेलं तर क्रम बदलू नये, बाकीच्यांनी आपापल्या जागी राहावं. काही घरांत गेलेल्याची तसबीर मांडीवर धरतात. मला मोकळी जागा जास्त खरी वाटते, पण हा ज्याच्या-त्याच्या घरचा निर्णय.

जागा म्हणून या शहरात बहुतेकांच्या मनात मकबरा येतो. औरंगजेबाच्या पत्नी दिलरस बानू बेगम 1657 मध्ये गेल्या आणि त्यांच्यासाठी हे स्मारक उभं राहिलं. मुलगा आझमशाह याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. बायकोची, आईची आठवण म्हणून बांधलेल्या इमारतीपुढे कुटुंबांनी फोटो काढावेत हे मला अगदी योग्य वाटतं. पण फोटोच्या दृष्टीने ती अवघड जागा आहे, आणि इथे लोकांचे फोटो का बिघडतात हे समजून घेण्यासारखं आहे. खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर, मधला भाग काळ्या दगडाचा, त्यावर पांढरा गिलावा. म्हणजे पाठीमागे सगळं पांढरं. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतं. चौकटीत पांढरं जास्त आलं की ते घाबरून प्रकाश कमी करतं. मकबरा राखी होतो आणि आपले सावळे चेहरे काळवंडतात. दोष चेहऱ्यांचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात तर जगभरच्या लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकचं जे नमुना-कार्ड वापरत, त्यावर कित्येक दशकं गोऱ्या बाईचाच फोटो असे. गडद त्वचेचा विचार त्यात फार उशिरा आला. फोनवर उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, प्रकाश चेहऱ्यानुसार बदलतो. मागचा मकबरा थोडा उजळून गेला तरी चालेल. तो पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

उन्हाचंही बघावं. मुख्य दरवाजा दक्षिणेला, इमारत उत्तरेला. मकबरा मागे घेऊन उभं राहिलं की तोंड दक्षिणेकडे येतं. दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे दुपारी सगळ्यांचे डोळे मिटतात. सकाळी लवकर जावं, ऊन डाव्या बाजूने तिरकं येतं आणि चेहऱ्याला उठाव देतं. आपलं शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोटो काढायचा तर घरच्या ओट्यावर, सावलीत काढावा. खरं तर वार्षिक फोटोला घराचा ओटाच उत्तम. पंचवीस वर्षांनी मागे दिसणारा दरवाजा, पायरीजवळचं सायकलचं चाक, तुळशीवृंदावन, भिंतीचा बदललेला रंग, यांतून जेवढं कळतं तेवढं मकबऱ्यातून कळणार नाही.

काढलेला फोटो टिकवणं हे वेगळंच काम. कृष्णधवल फोटो चांदीचा असतो आणि नीट धुतलेला असेल तर शंभर वर्षं सहज राहतो. नीट धुतलेला, हे महत्त्वाचं; फोटो पक्का करणारं रसायन, हायपो, कागदात राहिलं तर पिवळट-तपकिरी डाग येतात, आणि ते काढायला भरपूर वाहतं पाणी लागतं. 1970 आणि 80 च्या दशकांतले रंगीत फोटो त्या मानाने अल्पायुषी. त्यांतले रंग अल्बमच्या अंधारातही हळूहळू उडतात, निळसर छटा आधी जाते आणि सगळं लग्न तांबूस होतं. उष्णता हे काम लवकर उरकते, म्हणून अल्बम पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नये. घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावा. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले अल्बम घरात असतील तर त्यांतले फोटो आजच काढून घ्या; गोंद पिवळा पडतो आणि फोटोला सोडत नाही. निघत नसेल तर ओढू नका, मागून बारीक दोरा सरकवा. लॅमिनेशन तर करूच नका.

फोनमधल्या फोटोंना ना पिवळेपणा येतो ना वाळवी लागते, पण ते फोनबरोबर जातात. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यात दडलेली तारीखही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. वर्षाला एक फोटो छापून घ्यावा, बाकीचे राहिले तरी चालेल. मागे मऊ पेन्सिलीने, कागद गुळगुळीत असेल तर कडेला बारीक मार्करने, डावीकडून प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहावं. ‘आई’, ‘मोठ्या ताई’, ‘बबन’ एवढंच लिहिलं तर पुढच्या पिढीला काही कळत नाही. बायकांचं माहेरचं नाव आणि गावही लिहावं. गावाचं नाव त्या दिवशी चालू असेल ते. 2023 आधीच्या फोटोंवर औरंगाबाद असेल आणि नंतरच्यांवर छत्रपती संभाजीनगर, दोन्ही आपल्या जागी बरोबर आहेत. फोटो कुणी काढला ते लिहावं. आणि शेवटच्या ओळीत त्या दिवशी कोण नव्हतं आणि कुठे होतं तेही लिहावं: नोकरीवर, बाळंतपणाला, सीमेवर, दवाखान्यात, माहेरी.

प्रती किती काढायच्या, यावर घरोघरी एकच चूक होते. आई-वडील गेल्यावर, वाटण्या झाल्यावर अल्बम थोरल्या मुलाकडे राहतो आणि पुढे त्याच्या घरातल्या बदल्यांत, स्थलांतरांत कुठेतरी जातो. लेकींना माहेरच्या शेतात आणि घरात बरोबरीचा वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने 1994 मध्ये केला, केंद्राने 2005 मध्ये. अल्बमच्या वाटणीचा विचार मात्र कुठल्याही बैठकीत निघत नाही, आणि ज्या बहिणी भाऊबीजेच्या प्रत्येक फोटोत ताट धरून उभ्या आहेत त्यांच्याकडे त्यातला एकही नसतो. म्हणून फोटो काढला त्याच आठवड्यात जेवढी घरं तेवढ्या प्रती काढाव्यात. मुलग्यांना एकेक, लेकींना एकेक, आणि सुनांच्या माहेरी एकेक पाठवावी.